तपेलं गेलंय, खून नको

या आठवड्याचं पत्र वाईहून आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

"सप्रेम नमस्कार. माझं वय ६३. टपाल खात्यात ३६ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, पण त्याचा इथे काही संबंध नाही. रहस्यकथांची आवड लहानपणापासून. गेल्या वर्षी धीर करून एक विनोदी रहस्यकथा लिहायला घेतली. आमच्या वाईत कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव असतो. महाप्रसादाला चार दिवस उरलेले असताना आळीचं भाताचं मोठं तांब्याचं तपेलं नाहीसं होतं आणि मालतीकाकू ते शोधून काढतात, अशी गोष्ट आहे. वाड्याखालचं भुयार आहे, मूर्ख हवालदार आहे, बोबडा शिंपी आहे, शूटिंगवाले आहेत. शेवटी चोर भंगारवाला निघतो. १४० पानं झाली. मुलगा म्हणतो, खुनाशिवाय रहस्यकथा कोण वाचणार, निदान एक तरी माणूस मार. मैत्रिणीला चोर चाळिसाव्या पानावरच कळला. आणि घरच्यांना धास्ती आहे, की आळीतली माणसं स्वतःला ओळखतील आणि आमच्याशी बोलणं टाकतील. कागद बांधून माळ्यावर ठेवलेत. खाली काढू, की तिथेच राहू देऊ? पहिली साठ पानं आणि शेवटचं प्रकरण सोबत पाठवते. — एक वाचक, वाई"

ताई, सप्रेम नमस्कार.

कागद आजच खाली काढा. साठ पानं मी दोनदा वाचली. पहिल्यांदा गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. चुका आहेत आणि त्या मी सांगणार आहे, पण त्याआधी एक सांगते. समितीच्या बैठकीचं प्रकरण वाचताना मला इतकं हसू आलं की घरातले विचारायला आले. तक्रारीत "तपेलं" लिहायचं की "हंडा" यावर पाऊण तास वाद होतो आणि शेवटी तो विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या सदराखाली पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरतं. हे ज्या बाईला लिहिता येतं, तिने माळ्यावर कागद ठेवू नयेत.

आधी मुलाचा मुद्दा, कारण त्यानेच तुमचा धीर खचलेला दिसतो. तो म्हणतो तसं बाहेर खरंच घडतं. इंग्रजीत ज्याला कोझी मिस्टरी म्हणतात, म्हणजे लहानसं गाव, ओळखीची माणसं, रक्ताचं वर्णन नाही आणि शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसून कोणी हौशी, त्या प्रकारातही बहुधा खून असतोच. पण तिथे मेलेला माणूस बरेचदा असा निवडलेला असतो की त्याच्यासाठी फार कोणी रडत नाही. प्रेत दिवाणखान्यात, लोक शेजारच्या खोलीत चहा पीत बोलतायत, आणि वाचकाला ते खटकत नाही.

तुमच्या आळीत हे चालेल का? ज्या आळीत साठ उंबरे एकमेकांना ओळखतात, तिथे एक माणूस गेला की उत्सवावर सावट येतं. कोणाच्या घरी सुतक, कोणी दहाव्याच्या तयारीत, महाप्रसाद घालायचा की नाही यावर दबक्या आवाजात बोलणं. तपेल्यावरून पाऊण तास भांडणारी समिती तिथे निर्दय वाटेल. तुमच्या गोष्टीतलं सगळं हसणं एका प्रेताखाली गाडलं जाईल. मुलाला सांगा, वाचक प्रेतासाठी पानं उलटत नाही. काहीतरी अडलंय, ते सुटणार कसं, यासाठी उलटतो. चार दिवसांवर महाप्रसाद, माणसं शेकड्यांनी जेवायची आणि भात शिजवायला भांडं नाही, याहून मोठी अडचण त्या आळीला दुसरी कुठली?

आणि मराठी वाचकाला हौशी गुप्तहेर नवा नाही. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, फुरसुंगीचा तो सायकलवरचा काटकुळा पोरगा, कुठल्या पोलीस ठाण्यात नोकरीला होता? बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने तर कैक पिढ्यांच्या रात्री जागवल्या. शोध घेणाऱ्याला खाकी वर्दी लागत नाही हे आपल्या वाचकाने केव्हाच मान्य केलंय. घरातल्या, पदर खोचून तपासाला निघणाऱ्या बाईची जागा मात्र अजून बरीच मोकळी आहे. ती जागा तुम्हाला बोलावतेय असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, ज्याने मी अस्वस्थ झाले. "टपाल खात्यात ३६ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, पण त्याचा इथे काही संबंध नाही."

ताई, संबंध आहे तो फक्त त्याचाच.

तुमच्या मालतीकाकू गृहिणी आहेत. त्यांना बोटांचे ठसे घ्यायची पद्धत माहीत आहे, मातीवरून पायाचं माप काढता येतं, "डोळ्यांच्या हालचालीवरून खोटं ओळखायची कला" येते. ही विद्या कुठून आली, तर टीव्हीवरून. म्हणूनच त्या कोणीही असू शकतात, कुठल्याही गावात असू शकतात. तुमच्या मैत्रिणीला चोर चाळिसाव्या पानावरच कळला त्याचं एक कारण हे आहे. काकूंना जे कळतं ते वाचकाला कळायचा मार्गच नाही. मग वाचक तपास सोडून देतो आणि सरळ अंदाज बांधतो, आणि भंगारवाला गोष्टीत पाऊल टाकतो तेव्हाच ओळखला जातो.

इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करून द्यायच्या विभागात काम करत होत्या. त्यांच्या कथांमधली विषांची अचूक माहिती त्या कामातून आलेली. मिस मार्पल ही त्यांची म्हातारी १९२७ साली एका लघुकथेतून पहिल्यांदा वाचकांसमोर आली. तिच्याकडे भिंग नाही, प्रयोगशाळा नाही. समोरचा माणूस आपल्या खेड्यातल्या कोणासारखा वागतो एवढं ती आठवते आणि त्यावरून निष्कर्ष काढते. तिची सगळी विद्या तिच्या खेड्यातली.

तुमची विद्या खिडकीतली आहे. ३६ वर्षं तुम्ही लोकांचं अक्षर पाहिलंत. पाकीट तळहातावर ठेवलं की तिकीट किती लागेल ते काट्याआधी कळत असेल. कोण कोणाला किती दिवसांनी पत्र घालतं आणि कोणाची पत्रं एकदम बंद होतात, हे तुम्हाला न उघडता कळलं असेल. मालतीकाकूंना टपाल खात्यात पाठवा. त्यांना निवृत्त करा आणि आळीत आणून बसवा. मग काय होतं ते पाहा.

एक उदाहरण देते. वाई सातारा जिल्ह्यात. साताऱ्याचा पिनकोड ४१५ने सुरू होतो, ४१५००१. पण वाईचा ४१२८०३. पाचगणी, महाबळेश्वरही ४१२मध्येच. बाहेरचा माणूस वाईचा पत्ता लिहिताना सहज ४१५ टाकतो, कारण जिल्हा सातारा. तुम्ही हे आकडे जन्मभर दुरुस्त केले असणार.

आता गोष्टीत असं घडवा. तपेलं नाहीसं झाल्याच्या तिसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांना एक पोस्टकार्ड येतं. "तपेलं सुरक्षित आहे. काळजी करू नये. उत्सव झाला की परत मिळेल. — एक वाईकर." शिक्का वाईचाच, म्हणजे पत्र गावातच टाकलेलं. सगळी समिती अक्षर पाहते, शाई पाहते, एकमेकांकडे संशयाने पाहते. काकू फक्त पत्ता पाहतात. पिनकोड ४१५ने सुरू झालाय. लिहिणारी व्यक्ती वाईत राहते, पण अजून वाईची झालेली नाही. हाताला साताऱ्याचं वळण आहे.

ही खूण वाचकापासून लपवायची नाही. पत्राचा मजकूर, पत्ता, पिन, सगळं पानावर स्पष्ट छापायचं. रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला एक असा, की गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकालाही त्याच वेळी दिसला पाहिजे. सगळ्याच नियमांना आज कोणी बांधील नाही, पण हा एक मी कधी सोडू देत नाही. वाचक हरला तरी चालतो, त्याला फसवलेलं चालत नाही.

मग उघड्यावर ठेवलेली खूण त्याच्या लक्षात कशी येत नाही? इथे तुमचा विनोद कामाला येतो, आणि मला या पत्रात सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. पहिल्या प्रकरणात काकू एका बँकेच्या पोराला दारात उभं करून झापतायत. त्याने अर्जावर वाईचा पिन चुकीचा लिहिलाय. "जिल्हा सातारा म्हणून पिन साताऱ्याचा? उद्या आडनाव सातारकर असलं की घर साताऱ्याला म्हणशील!" तिसऱ्या प्रकरणात त्या लग्नपत्रिकेवरचा पिन लाल पेनाने दुरुस्त करून यजमानांना परत पाठवतात. वाचक हसतो. त्याला वाटतं, हा काकूंचा स्वभाव, हा गमतीचा भाग. हसणारा माणूस पहारा देत नाही. पोस्टकार्ड येतं तेव्हा काकू एकदम गप्प बसतात, या एका ठिकाणी पिन दुरुस्त करत नाहीत, आणि तरीही वाचकाच्या ते ध्यानात येत नाही. शेवटी कळतं तेव्हा तो पानं उलटून मागे जातो आणि पुन्हा हसतो. तुमच्या हस्तलिखितात विनोद एकीकडे आणि रहस्य दुसरीकडे आहे, एक प्रकरण गमतीचं, एक तपासाचं. ते वेगळे ठेवू नका. प्रत्येक महत्त्वाची खूण एखाद्या गमतीच्या पोटात ठेवा.

आता चोराचं.

भंगारवाला मला मान्य नाही. तो गरीब आहे, बाहेरचा आहे, दोनदा दिसतो आणि दोन्ही वेळा तुम्ही त्याला "कळकट" म्हटलंय. त्याला पकडून कोणाला काय मिळालं? आळी जशी होती तशीच राहिली, उलट बाहेरच्यावरचा तिचा संशय खरा ठरला. आपल्याकडे काही हरवलं की पहिलं बोट कामवालीकडे, फेरीवाल्याकडे, परगावच्या माणसाकडे जातं. ते बोट कसं चुकलं हे दाखवणारी गोष्ट लिहिता येत असताना ते बरोबर होतं असं सांगणारी तुम्ही का लिहावी? संशय त्याच्यावर जरूर येऊ द्या, समितीचे चार लोक त्याच्या दुकानात शिरू द्या, आणि तिथून मान खाली घालून परत येऊ द्या.

खरा माणूस तुमच्याच पानांत बसलाय. पान २२. "यंदा स्वयंपाकाचं कंत्राट साताऱ्याच्या केटररला दिलं होतं. आजवर चाळीस वर्षं भात शिजवणारे अण्णा कीर्तनाला कोपऱ्यात बसून होते, कोणाशी बोलत नव्हते." हे वाक्य लिहून तुम्ही शूटिंगवाल्यांकडे निघून गेलात. मी तिथेच थांबले. चाळीस वर्षं ज्या माणसाने आळीचा भात शिजवला, त्याला कोणी येऊन सांगितलं तरी का, की यंदा तुम्ही नाही? की त्याला ते पत्रिकेवर वाचून कळलं?

अण्णांनी तपेलं चोरलेलं नाही, लपवलंय. त्यांना विकायचं नाही, पैसे नकोत. आपल्या हाताची सवय असलेल्या भांड्यात दुसऱ्याने भात शिजवलेला त्यांना बघवणार नाही, एवढंच. हे कळल्यावर वाचकाचा राग कुठे जाईल? समितीकडे जाईल, आणि थोडा स्वतःकडे, कारण पान २२वर तोही न थांबता पुढे गेला होता.

तपेलं लपवलं कुठे? तुमच्या हस्तलिखितात ते गावाबाहेरच्या शेडमध्ये सापडतं. फार लांब गेलं. ते मांडवातच असू द्या. उपडं घालून, वर गोल फळी, फळीवर जमिनीपर्यंत येणारी पांढरी चादर, आणि त्यावर देणगीच्या पावत्या. "टेबल मिळत नाही म्हणता? मी करतो सोय," असं अण्णाच म्हणालेले, पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर. खजिनदार सकाळ-संध्याकाळ तिथे बसून "नवीन तपेलं निधी"च्या पावत्या फाडतायत, हरवलेल्या तपेल्यावरच. त्यांना मूर्ख दाखवायची गरज नाही. ते मनापासून, घाम गाळून, आळीसाठी पैसे गोळा करतायत, आणि म्हणूनच ते दृश्य इतकं गमतीचं होईल.

काकूंना ते कळतं शिक्क्यावरून. खजिनदार प्रत्येक पावतीवर शिक्का मारतात. आता तुम्हीच सांगा, ३६ वर्षं पत्रांवर शिक्के मारलेल्या बाईला सागवानी टेबलावरचा शिक्का आणि पोकळ भांड्यावरच्या फळीवरचा शिक्का यांतला फरक कानाने कळेल की नाही? बाकीच्यांना मांडवात फक्त टाळ ऐकू येतात. काकूंना त्या टाळांच्या मध्ये एक घुमणारा ठोका ऐकू येतो आणि त्या दोन दिवस "डोकं दुखतंय या आवाजाने" म्हणून कुरकुरत असतात. वाचकाला ती म्हातारपणाची कुरकुर वाटेल. वाटू द्या.

आणि एक प्रश्न काकूंना रात्री झोपू देणार नाही. ते तपेलं उचलायला कड्यांतून बांबू घालावा लागतो आणि दोन्ही टोकांना माणूस लागतो. हे तुम्हीच पान ७वर छान लिहिलंय. एका टोकाला अण्णा. दुसऱ्या टोकाला कोण? तिथे ते पोस्टकार्ड परत येतं. अण्णांच्या घरात साताऱ्याहून आलेली सून आहे, लग्नाला दोन वर्षं झालेली. सासऱ्याचं दुःख घरात तिला एकटीला दिसलं. पहाटे तिने बांबूचं दुसरं टोक धरलं, आणि नंतर आळीचे हाल बघवेनात म्हणून ते कार्ड टाकलं. स्वतःला "एक वाईकर" म्हणवून घेतलं आणि सवयीने पिन माहेरचा लिहिला. तुमची सगळी गोष्ट त्या सहा आकड्यांत मावते, ताई.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. भुयार ठेवा, पण त्यातून काही निघू देऊ नका. नॉक्सने एका गोष्टीत एकाहून जास्त गुप्त वाट चालणार नाही म्हटलंय. आपल्याकडे तर प्रत्येक जुन्या वाड्याखालून किल्ल्यावर जाणारं भुयार असतं असं प्रत्येक आजोबा सांगतात. तुमचं ते पांडवगडापर्यंत जातं म्हणे. समितीचे तीन तरुण टॉर्च घेऊन उतरतात आणि पंधरा पावलांवर धान्याचं पेव लागतं, एवढंच पुरे. शूटिंगवाले उत्तम चकवा आहेत. वाई आणि मेणवलीच्या घाटांवर चित्रीकरणं होत असतात, त्यामुळे जुनी भांडी बघून "हे भाड्याने द्याल का?" विचारणारा कला विभागाचा माणूस आळीत फिरणं अगदी स्वाभाविक आहे. कल्हईवाल्याचा संशय मात्र तुम्ही घेतलाच नाही, याचं मला नवल वाटलं. तांब्याचं तपेलं दिसेनासं झालं की पहिला विचार "कल्हईला गेलं असेल" हाच येतो. त्या एका समजुतीने पहिला अख्खा दिवस वाया जातो, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पाठवलं. तिथे एक सुंदर प्रकरण आहे. तपेलं नाहीसं व्हायला तुम्ही ३४ पानं घेता, ती मात्र कमी करा. पाचव्या-सहाव्या पानावर ते गेलेलं असलं पाहिजे. आळीची ओळख लोक ते शोधताना होऊ द्या.

हवालदार मूर्ख नको. तो माणूस उत्सवाच्या बंदोबस्तात दोन रात्री झोपलेला नाही, असा दाखवा. आणि त्याच्या हाताला कायद्याने बांधा. हे बारकाईने सांगते, कारण यात छान प्रसंग दडलाय. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, तर गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे आपण म्हणतो तशी फक्त एनसी नोंदवली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू परत केली, तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा आहे. आता हवालदार विचारतो, "तपेल्याची किंमत काय?" समिती सामानाची वही काढते. तिच्यात कोणे एके काळी लिहिलेलं आहे, "तांब्याचे तपेले, नग १, रु. ३५०." तांब्याचा आजचा भाव पाहिला तर किंमत पाच हजारांच्या कितीतरी पुढे जाईल. पण खजिनदार हटून बसतात, की वहीत आहे तेच खरं, वहीवर लेखापरीक्षकाची सही आहे. अध्यक्षांना उत्सवात पोलीस नकोत म्हणून त्यांनाही ३५०च बरे वाटतात. हवालदार थकून म्हणतो, "तुम्ही ठरवा आणि मला कळवा." तपास काकूंकडे येतो तो असा. त्यात कोणीही मूर्ख नाही, प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर आहे, आणि तरी सगळं मिळून हसू येतं.

बोबडा शिंपी काढून टाका. मी हे सौम्यपणे म्हणत नाही. तो तीनदा येतो आणि तिन्ही वेळा फक्त त्याच्या बोलण्याला हसायचं आहे. त्याच्या जागी स्वतः बसून ती पानं एकदा वाचा. कामवाल्या बाईंच्या भाषेची टिंगल आहे तीही नको. त्या सगळ्या घरांत जातात, कोणाकडे काय चाललंय ते काकूंहून त्यांना जास्त ठाऊक असणार. त्यांना तपासात बरोबरीने घ्या, त्यांच्या तोंडी एक तरी अशी गोष्ट द्या जी काकूंना सुचली नव्हती. माणसाच्या अंगातल्या उणिवेला हसवणं सोपं असतं आणि ते एकदाच चालतं. माणूस ज्या गोष्टीवर जीव टाकतो तिला धरून बसतो, तिथलं हसू पुस्तकभर पुरतं. तुमचे खजिनदार वहीला धरून बसतात. अध्यक्ष आळीच्या नावाला, काकू पिनकोडला, अण्णा तपेल्याला. हे चौघं एका मांडवात आणून सोडा.

आता धास्तीबद्दल. ती खोटी नाही. लहान गावात लिहिणाऱ्या माणसाला ती असायलाच हवी. वाईत कृष्णाबाईचा उत्सव सात घाटांवर आळीपाळीने होतो, आणि तुम्ही त्यातली एक आळी नावासकट घेतलीत. तिथले अध्यक्ष कोण ते सगळ्या गावाला माहीत. तुम्ही आठवी आळी काढा. नदीच्या कडेला, ढोल्या गणपतीच्या जवळपास कुठेतरी, नकाशात नसलेली. गणपतीच्या देवळाची ती माशाच्या आकाराची मागची भिंत, पुराचं पाणी दुभंगणारी, ती राहू द्या. कृष्णा नदी राहू द्या, १७६२ साली बांधलेलं देऊळ राहू द्या, गाव खरं असू द्या. माणसं मात्र मिसळा. एकाची सवय, दुसऱ्याचा धंदा, तिसऱ्याचं घर. आणि एक कसोटी लावा. या पात्राच्या जागी मी असते तर शेवटचं प्रकरण वाचून मला दुखलं असतं की आपलंसं वाटलं असतं? दुखणार असेल तर ते अजून नीट लिहिलेलं नाही, एवढाच अर्थ.

मला वाटतं तुमच्या घरच्यांना खरी भीती भंगारवाल्याच्या शेवटाची आहे, जरी त्यांना ते असं मांडता आलं नसलं. त्या प्रकरणात काकू मांडवाच्या मध्यभागी उभ्या राहून सगळ्यांसमोर एका माणसाकडे बोट दाखवतात. ज्या आळीत दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या शेजारी पाटावर बसायचंय, तिथे असं बोट कोणी दाखवत नाही. दाखवूही नये. गोष्टीतला गुन्हा उघडा पडल्यावर शेजार उरला पाहिजे. काकूंना सत्य कळलं, आता ते सत्य घेऊन त्या काय करतात, हे त्यांच्या हुशारीपेक्षा मोठं आहे.

मला दिसतं ते असं. रात्री कीर्तन संपल्यावर मांडव रिकामा झालाय. काकू देणगीच्या टेबलापाशी बसून राहतात. अण्णा चादरी आवरायला येतात. काकू शिक्का उचलतात आणि फळीवर एकदा मारतात. आवाज घुमतो. दोघंही काही बोलत नाहीत. मग काकू विचारतात, "अण्णा, यात भात किती तांदळाचा शिजतो?" आणि अण्णा सांगू लागतात. आधण केव्हा ठेवायचं, जाळ कुठल्या बाजूने ओढायचा, तांदूळ किती वेळ आधी धुवायचे. चाळीस वर्षांत त्यांना कोणी विचारलेलं नसतं. काकू सगळं ऐकून घेतात. सकाळी समितीसमोर त्या एवढंच म्हणतात, की भाताचं माप अण्णांखेरीज कोणाला ठाऊक नाही. तपेलं कसं सापडलं हे समितीला कधीच पूर्ण कळत नाही, आणि इतिवृत्तात काय लिहायचं यावर पुन्हा पाऊण तास जातो. वाचकाला मात्र सगळं ठाऊक आहे.

हे सगळं जसंच्या तसं घ्या असं माझं म्हणणं नाही. गोष्ट तुमची आहे, अण्णांना तुम्ही पाहिलंय, मी नाही. पण पुढचे काही दिवस शोधाच्या भागाला हात लावू नका. आधी खिडकीवरचा एक दिवस लिहून काढा, सकाळची थैली उघडल्यापासून शेवटचा शिक्का पडेपर्यंत, कोणत्याही रहस्याशिवाय. काकूंची बोटं, कान, डोळे त्यातून मिळतील. आकाराचं म्हणाल, तर १४० पानांचा सोस सोडा. घट्ट बसलेली ऐंशी-नव्वद पानं पुरतील. नाहीतर आधी एखादी दीर्घकथाच करा आणि दिवाळी अंकाकडे पाठवा. १९०९ सालच्या 'मनोरंजन' मासिकाच्या दिवाळी अंकापासून आपल्याकडे ते दार उघडं आहे. फक्त मजकूर पावसाळा लागायच्या सुमारास संपादकाच्या हातात पडला पाहिजे, दसऱ्याला पाठवलेलं पुढच्या वर्षावर जातं.

आणि अण्णांची सून. तुमच्या साठ पानांत ती दोनदा चहा घेऊन येते. दोन्ही वेळा "सून" एवढंच लिहिलंय. तिला नाव द्या.